बेचाळीस गोळे

रविवारी शाळेची किल्ली माझ्याकडे असते,
कारण सोमवारी मातीचा तास
आणि वर्ग म्हणजे परवापर्यंत तांदळाच्या गोण्यांची खोली.
पोषण आहाराचा वास अजून भिंतीत आहे.
खोली बदलल्याचं उंदरांना कुणी कळवलेलं नाही.

आधी फरशी. मुख्याध्यापक म्हणाले होते, टेकाळे सर,
डाग पडले तर पैसे तुमच्या मानधनातून.
मानधन! मी हसलो. मग तेही हसले.
खताच्या रिकाम्या पोत्यांची शिवण उसवून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली,
कोपऱ्यांवर विटा.

माती तीन ठिकाणची.
दुधनेचा गाळ, उन्हाळ्यात काढून वाळवलेला.
थोडी पांढरी, वालूरच्या रस्त्याकडची.
आणि आपली काळी. ती एकटी वापरली
तर वाळताना अशी उलते
की हत्तीच्या पाठीत बोट जावं.

तुळजाराम कुंभार म्हणाले, "काळीला लीद लागती सर,
गाढवाची. पाटीभर देतो, पैसे नको.
पण पोरांना आधी सांगू नका.
हात घातल्यावर सांगा."

चार दिवस हौदात भिजली. आज गाळतोय.
जानेवारीचं पाणी, कोपरापासून खाली हात माझे नाहीत.
चाळणीत उरतं ते बाजूला काढतो:
कुसळं, शंख, बांगडीचा हिरवा तुकडा,
कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
शंख ठेवू. उद्या कुणाच्या तरी माशाला डोळा लागेल.

हत्यारं जमवायला महिना गेला.
ब्रेकची तार, दोन्ही टोकांना खिळे गुंडाळून;
सायकलचे आरे, तुटके कंगवे, संपलेल्या रिफिली.
लाटणी मात्र तीनच मिळाली.
गावात भाकरी थापतात, लाटणार कोण?
त्यातलं एक आफरीनच्या अम्मीचं,
"परत पाहिजे हां सर, जसंच्या तसं."

मग मळणं.
मागच्या वर्षी मी कणकेसारखी घडी घालत होतो,
तर तुळजारामांनी मनगटच धरलं.
"घडी नको. घडीत हवा बसती.
भट्टीत ती भायेर पडायला जागा मागती
आन् शेजारच्या पोराचा बैलबी घेऊन जाती."
तळहाताच्या बुडानं रेटायची,
वळवायची, पुन्हा रेटायची.
दुपारी खांदे बोलायला लागले.

रेशन दुकानातून तराजू आणला.
गोळा पावशेराचा, कमी नाही, जास्त नाही,
नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत भांडण.
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.
पटावर बेचाळीस.

मुंजा दिवाळीपासून कारखान्यावर आहे,
आईबापाच्या कोयत्यामागं, धाकटीला सांभाळत.
पाडव्याला येईल म्हणतात. म्हणजे येईलच असं नाही.
मागच्या वर्षी त्यानं बैलगाडी केली होती,
चाकं फिरणारी, काडीच्या आसावर.
भट्टीतून आली तेव्हा बघायला तो नव्हता.

बेचाळिसावा गोळा केला.
धोतराच्या ओल्या फडक्यात बांधला, वर पिशवी,
पिशवीला नाव.
माती शिळी होत नाही, मुरते.
महिन्याभरानं वास मारते, नाक धरावं लागतं,
पण बोटाखाली असं ऐकते
की ताजीला ते जमत नाही.

भिंतीवर खडूनं लिहिलं:
हात तीन बादल्यांत धुवा, एकामागून एक.
बादलीच्या तळचा गाळ फेकू नये.
ओलं काम उन्हात ठेवू नये.
मग खिडकीच्या गजाला बाटली टांगली,
झाकणाला खिळ्यानं पाच भोकं,
आणि खाली, जरा बारीक अक्षरात:
रोज एकदा, मुंजाच्या गोळ्यावर.

निघताना कुलूप लागेना.
किल्लीच्या खाचेत गाळ बसला होता.
पायरीवर बसून काडीनं कोरत राहिलो,
फुंकर मारत, शिव्या देत,
तोवर शाळेपुढचा दिवा लागला.